गुलाबी बोंडअळी

गुलाबी बोंडअळी (शास्त्रीय नाव: पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) हा खवलेपंखी गणातील, गेलेचिइडी कुळातील एक लहान निशाचर पतंग असून त्याची अळी कापसाच्या बोंडातील सरकी खाते. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा-शिंदखेडा परिसरासह खानदेशच्या कापूसपट्ट्यात ही प्रमुख कीड आहे. मराठी नाव अळीवरून पडले असल्याने पतंग मात्र सहसा ओळखला जात नाही.

वर्गीकरण

१८४२ मध्ये भडोच येथे कापसावर आढळलेल्या या किडीचे वर्णन विल्यम विल्सन साँडर्स यांनी डिप्रेसारिया गॉसिपिएला या नावाने केले. ऑगस्ट बुस्क यांनी १९१७ मध्ये तिच्यासाठी पेक्टिनोफोरा ही प्रजाती स्थापिली. या नावाचा अर्थ ‘कंगवाधारी’. शृंगिकेच्या बुडाच्या खंडावर कंगव्याच्या दातांसारखे पाच-सहा लांब, ताठ केस असतात. ठिपक्यांची व अमेरिकन बोंडअळी नावाने सख्ख्या वाटल्या, तरी त्या अनुक्रमे नोलिडी व नॉक्टुइडी या कुळांतील असून गुलाबी बोंडअळीशी त्यांचे नाते दूरचे आहे.

वर्णन

पंखविस्तार सुमारे १५ ते २० मिमी असतो. पुढचे पंख करडे-तपकिरी, त्यांवर अनियमित काळपट डाग व पट्टे असतात. मागचे पंख रुंद, रुपेरी करडे असून त्यांच्या कडेला केसांची लांब झालर असते. ओष्ठस्पर्शक वर वळलेले असतात. दिवसा हा पतंग पालापाचोळ्यात किंवा जमिनीच्या भेगांत दडून बसतो.

अंडे मोत्यासारखे पांढरे, चपटे व जेमतेम अर्धा मिमी लांबीचे असते. नुकतीच बाहेर आलेली अळी पांढरट, तपकिरी डोक्याची असते. गुलाबी पट्टे वाढ पूर्ण होत आल्यावरच उमटतात. त्यामुळे रंगावर विसंबून कोवळी अळी ओळखणे चुकीचे ठरते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या रेशमाने बांधते. न उमलणाऱ्या अशा फुलास ‘डोमकळी’ म्हणतात. बोंडात शिरल्यावर प्रवेशछिद्र बुजते व बोंड वरून निरोगी दिसते. आत कधी दोन सरक्या जोडून अळी त्यांत राहते. अशाच सरकीत ती सुप्तावस्थेत हंगामाबाहेरचा काळ काढते. फरदड कापूस व जिनिंगमधील सरकी हे म्हणूनच पुढील प्रादुर्भावाचे स्रोत होतात.

प्रादुर्भाव

२००२ मध्ये आलेल्या बीटी कापसाने तिला काही वर्षे आवर घातला. पुढे गुजरातमध्ये एका जनुकाच्या वाणांविरुद्ध प्रतिकारक्षमता आढळली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दोन जनुकांच्या वाणांवरही मोठे नुकसान झाले. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ नर पतंग सापडल्यास उपाययोजनेची शिफारस आहे. त्यासाठी सापळ्यातील करडा पतंग ओळखता यावा लागतो.