भावाचा अर्धा कॅमेरा

भाऊबीज हा बहिणीने भावाला ओवाळण्याचा दिवस. भावाने भावाला ओवाळावे अशी चाल आपल्याकडे नाही. आणि भाऊभाऊ म्हटले की आपल्याला आठवतात ते वाटणीचे दावे, सामाईक विहीर आणि वाड्याच्या मधोमध घातलेली भिंत! म्हणूनच यंदाच्या दिवाळीत मी वाचकांना कोल्हापूरच्या दोन भावांची हकीगत सांगणार आहे. त्यांच्यापैकी एक पुढे फार मोठा झाला. दुसऱ्याचे नाव पुष्कळांनी ऐकलेही नसेल. परंतु पहिल्याच्या मोठेपणाचा पाया दुसऱ्याने अर्धवट टाकून ठेवलेल्या एका कामात होता.

बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे ते दोघे. सख्खे नव्हेत, नात्यातले भाऊ. पण हौस एक आणि धंदाही एक. बाबूरावांचा जन्म १८९०चा, कोल्हापूरचा. आडनाव खरे मेस्त्री. चित्रकला आणि मूर्तिकला ते आपल्या आपणच शिकले, आणि कामावरून पडलेले ‘पेंटर’ हे नाव असे चिकटले की मूळचे आडनाव मागेच पडले.

१९१० ते १९१६ ही संगीत नाटकांच्या ऐन भराची वर्षे. त्या काळी रंगभूमीवर राजवाडा हवा असो, अरण्य हवे असो की गावचा रस्ता, सारे सपाट कापडावर रंगवलेले असे. पडदा सुटला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो रस्ता दूरवर गेलेला दिसला पाहिजे. महालाचे खांब हाताला लागतील असे वाटले पाहिजे. या कामात ह्या दोघा भावांचा हात धरणारे पश्चिम हिंदुस्थानात फार थोडे होते. मराठी नाटक मंडळ्यांप्रमाणे गुजराती-पारशी कंपन्याही त्यांच्याकडून पडदे करून घेत.

एवढे बस्तान बसल्यावर एखादा स्वस्थ बसला असता. पण १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना सिनेमाचे वेड लागले. आजवर त्यांनी रंगवलेली चित्रे जागच्या जागी उभी होती. इथे तर चित्रच चालू लागले होते! नुसते पाहून त्यांचे समाधान होईना. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर पैदा केला आणि सिनेमाचे खेळ दाखवायला सुरुवात केली. खेळ लोकांसाठी होते. अभ्यास स्वतःसाठी होता.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही दोन्ही यंत्रे एकाच घराण्यातली. ज्यांच्या घरी शिवणयंत्र आहे, त्यांना हे चटकन समजेल. शिवणयंत्राचे दाते कापड जरासे पुढे सरकवतात आणि थांबतात. तेवढ्यात सुई टाका घालते. पुन्हा दाते सरकवतात. सिनेमाच्या फिल्मच्या कडेला भोके असतात. कॅमेऱ्यातला आकडा त्या भोकांत अडकून फिल्म एका चित्राइतकी खाली ओढतो आणि सोडतो. ती स्थिर झाली की झडप उघडते, उजेड आत येतो, चित्र उमटते, झडप मिटते आणि अंधारातच फिल्म पुन्हा पुढे सरकते. मूकपटांच्या जमान्यात हाताने दांडा फिरवून हे सारे एका सेकंदात सुमारे १६ वेळा घडवावे लागे. दात्यात केसाइतका फरक पडला, तरी चित्र पडद्यावर थरथरणार, कारण तिथे ते शेकडो पटींनी मोठे होऊन पडते. पेटीला सुईएवढे छिद्र राहिले, तर फिल्मवर डाग पडणार. असले यंत्र विलायतेहून मागवण्याऐवजी आनंदरावांनी ते स्वतःच जुळवायला घेतले!

घरोघरच्या धाकट्या भावंडांना या उद्योगाची थोडीफार कल्पना असते. आमच्या घरी दिवाळीचा आकाशकंदील दादा करी. कामट्या तासायच्या त्याने, खळ ढवळायची मी. कंदील दारात लागला की शाबासकी दादाला मिळे, आणि त्यात मला काही वावगे वाटत नसे. पण दादाने एखादे वर्षी तो अर्धाच सोडला असता, तर मी तो हातात धरला असता की माळ्यावर टाकला असता? कोल्हापुरात नेमका हाच प्रश्न उभा राहिला, आणि तो कंदिलाइतका हलका नव्हता.

१९१६ साली आनंदराव गेले. वय तरुण होते. कॅमेरा पुरा झालेला नव्हता. ज्याच्याबरोबर स्वप्न पाहिले तोच राहिला नाही, आणि हाती उरले ते न जुळलेले यंत्र. पडद्यांची कामे हातात होती, नाव होते. बाबूरावांनी तो पसारा आवरून ठेवला असता, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

त्यांनी तो आवरला नाही. विष्णुपंत दामले नावाच्या हुशार शिष्याला हाताशी घेऊन त्यांनी भावाचे काम पुढे चालवले, आणि १९१८ साली कॅमेरा तयार झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली पुण्यात ‘सैरंध्री’ पडद्यावर झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. रंगवलेल्या पडद्यांवर नाव मिळवलेल्या या कलावंताने सिनेमात पडदेच बाजूला सारले आणि माणसे वावरू शकतील अशी खरीखुरी घरे, दालने उभी केली. आपल्या चित्रपटांची जाहिरातचित्रे तो स्वतः रंगवी. १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्याने देवादिकांना सोडून कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला, तो शेतकरी झाले होते तरुण शांताराम. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी याच कंपनीत तयार झाली आणि १९२९ साली त्यांनी ‘प्रभात’ काढली. ‘संत तुकाराम’ची वाट कुठून निघाली, हे यावरून ध्यानात यावे.

बाबूराव १९५४ साली निवर्तले. त्यांच्या कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. आनंदरावांच्या नावावर तर एकही चित्रपट नाही. पण भावाची थोरवी गाण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे चारचौघांत त्याची स्तुती करणे, तो सोपा. दुसरा म्हणजे त्याच्या हातून राहिलेले काम आपल्या हाताने पुरे करणे. बाबूरावांनी दुसरा पत्करला.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. त्या बाजूला जाणे झाले, तर मुलांना ते अवश्य दाखवा. आणि बाबूरावांचे नाव सांगताना आनंदरावांचेही सांगा.