संध्याकाळच्या मीटिंगचा पत्ता

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात दारू सोडलेल्या माणसांचे ग्रुप संध्याकाळी भरतात. त्यांच्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. उद्या डोंबिवलीतल्या एखाद्याने दारू सोडायचं मनावर घेतलं, तर तो त्या खोलीपर्यंत पोचतो कसा? अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे सगळे ज्याला नुसतं 'एए' म्हणतात, ती बिननावाने चालणारी संघटना. खोलीबाहेर मोठी पाटी नाही, सदस्यांची यादी नाही, पेपरात फोटो नाही.

तिची सुरुवातही शोधाशोधीतूनच झाली. १९३५ साली बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन गावी गेला होता. काही महिन्यांपासून त्याची दारू सुटलेली होती. तिथे काम फसलं आणि हॉटेलातला बार त्याला ओढू लागला. आपल्यासारखाच दारूत अडकलेला कुणी भेटला तरच आज निभावेल, असं वाटून त्याने अनोळखी लोकांना फोन केले. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली तो १० जून हा एएचा स्थापना दिवस. भारतात हे काम १९५७ मध्ये मुंबईत सुरू झालं.

मीटिंग तास-दीड तासाची. आज ज्याने चालवली, तो पुढच्या वेळी इतरांसारखाच समोर बसतो. प्रत्येक जण आपलं नाव आणि 'मी अल्कोहोलिक' एवढं सांगून बोलायला लागतो. पगाराच्या दिवशी कुठे गेलो, बायकोचं मंगळसूत्र कुठे ठेवलं, मुलीच्या शाळेत काय तमाशा केला. दुसरा कुणी मध्ये तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, हळहळतही नाही. ऐकून घेण्याची ही शिस्त मी आपल्या कुठल्याच सभेत पाहिलेली नाही. वर्गणी ऐच्छिक आणि तीही सदस्यांचीच. बाहेरची देणगी आली तर परत जाते. गल्लीतल्या उत्सवालाही प्रायोजक लागणाऱ्या आपल्या शहरांत हा बाणा टिकून आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

एक जुने सदस्य काका नव्या माणसाला पत्ता सांगून थांबत नाहीत, स्टेशनवर घ्यायला जातात. पत्ता मिळालेला माणूस जिन्यापर्यंत येतो आणि तिथून परत फिरतो, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक आहे. एखादा ठरलेल्या वेळी आला नाही तरी ते रागावत नाहीत. पुढच्या फोनला तितक्याच आपुलकीने बोलतात. दुसऱ्याला हात दिला की आपलीही दारू सुटलेली राहते, ही एएच्या बारा पायऱ्यांमधली शेवटची पायरी. ती त्यांच्या संध्याकाळी रोज कामाला लागलेली असते.

ही धडपड वाया जात नाही, याला आता पुरावाही आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस दिसले. पण मदतीपर्यंत पोचतात किती? केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळतात.

खरी अडचण इथे आहे. डोंबिवलीत फलाटावर चार ओळखीचे भेटतात. त्यामुळे कुणी आपला ग्रुप सोडून ठाण्याला जातो, ठाण्याचा मुलुंडला. जागा उसनी असते, शाळेचा वर्ग किंवा एखादं सभागृह. ती बदलली की जुन्या यादीवर विसंबून आलेला माणूस कुलूप बघून परततो, आणि परतीच्या वाटेवर बार उघडाच असतो. बायकांची वाट याहून अवघड. पिणाऱ्या पुरुषाला घरचे ओढून आणतात, पिणाऱ्या बाईला लपवतात. पुरुषांनी भरलेल्या खोलीत तिने एकटीने शिरायचं, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. २०२० च्या टाळेबंदीत खोल्या बंद होत्या, लोकल बंद होती, आणि राज्यात मे महिन्यात दारू घरपोच द्यायला परवानगी मिळाली. ग्रुप ऑनलाइन भरले, पण ज्याच्या हातात स्मार्टफोन नव्हता तो एकटा पडला.

पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन आलेल्याचीही कसोटी गावी परतल्यावरच लागते. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये ते केंद्र सुरू केलं, तेव्हापासून उपचारांनंतरच्या पाठपुराव्यावर तिथे भर आहे.

तेव्हा घरात कुणी पीत असेल, तर एवढं करा. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात थरथरत असतील, तर दारू एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा. मग एएच्या हेल्पलाइनला फोन करून आजची मीटिंग कुठे आहे ते विचारा, आणि न्यायला कुणी येईल का तेही विचारा. पिणं थांबवायची इच्छा, एवढीच प्रवेशाची अट आहे. पहिल्या दिवशी बोललं नाही तरी चालतं. घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे ग्रुप आहेत. व्यसनमुक्तीची सरकारी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.