देवबागचा वाळूचा दांडा

मालवणच्या दक्षिणेस तारकर्लीहून देवबागकडे निघाले, की जमीन अरुंद होत जाते. उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे कर्लीची खाडी आणि मधे माडांनी भरलेली वाळूची पट्टी. पूर्वेकडून आलेली नदी येथे सरळ समुद्राला मिळत नाही. ती किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वळते व भोगवेसमोर समुद्राला मिळते. तिची वाट अडवणारी ही पट्टी म्हणजे वाळूचा दांडा.

तो तयार कसा होतो? लाट किनाऱ्यावर बहुधा तिरपी येते. परतताना मात्र उतारावरून सरळ खाली जाते. त्यामुळे वाळूचा कण दर लाटेबरोबर थोडा बाजूला सरकतो. नदीच्या मुखाशी किनारा आत वळतो, प्रवाहाचा जोर ओसरतो आणि वाळू खाली बसते. अशी भर पडत दांडा लांबतो. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, नंतरच्या शांत लाटा बरीचशी परत आणतात. थोडक्यात, दांडा म्हणजे वाळूच्या आवक-जावकीचा ताळेबंद होय.

अशा किनाऱ्यावर समुद्राच्या बाजूला मर्यादावेल आणि ‘रावणाच्या मिशा’ हे काटेरी गवत वाळू धरून ठेवतात. खाडीच्या बाजूला कांदळवन असते. तेथे मुळांच्या आडोशाला मासे व कोळंबीची पिल्ले वाढतात. हिवाळ्यात कुरव पक्षी येतात. सिंधुदुर्गाच्या काही पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. उष्ण वाळूत माद्या अधिक निपजतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९.१२ चौ. कि.मी. क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झाले. देवबाग मात्र नांदते गाव आहे आणि समुद्राची धूप ही तेथील जुनी चिंता. दगडी बंधारा मागचे घर वाचवतो. पण त्यावर आपटून परतणारी लाट पुढची वाळू नेते आणि कासवाला जागा उरत नाही. खाडीतील वाळू उपसली, तर आवकच घटते. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या, कांदळवने व कासवांची विणीची ठिकाणे अतिसंवेदनशील मानली आहेत, ती याचसाठी.

समुद्रापासून दूर, मुळशीसारख्या तालुक्यातील शाळेतही हे पाहता येईल. पसरट ट्रेमध्ये एका बाजूस वाळूचा उतार करा, पाणी घाला आणि पट्टीने तिरप्या लाटा निर्माण करा. रंगीत वाळूची चिमूट कोठे सरकते ते पाहा. मग किनाऱ्यावर आडवा दगड ठेवा. वाळू दगडाच्या कोणत्या बाजूस साचली आणि कोणत्या बाजूची गेली, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.