एफ १०.२ म्हणजे काय?



दवाखान्याच्या केसपेपरवर औषधांच्या नावांबरोबर कधी कधी एक अक्षर आणि काही आकडे लिहिलेले असतात. समजा, नांदेडच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात मनोविकार विभागात एक गृहस्थ गेले आणि त्यांच्या कागदावर डॉक्टरांनी 'एफ १०.२' असे लिहिले. घरच्यांना त्यातून काहीच उमगत नाही. पण तोच कागद टोकियोतील किंवा नैरोबीतील डॉक्टरांना दाखवला, तर या गृहस्थांना दारूचे अवलंबन जडले आहे हे त्यांना ताबडतोब कळेल. एका माणसाच्या दुःखाला हा क्रमांक कसा मिळतो आणि त्याचा उपयोग काय, हे आज आपण पाहू.

मोजायचे कशाने?

मी भौतिकशास्त्र शिकवतो. मोजमापाचा विषय निघाला की उपकरण कोणते, हा प्रश्न मला प्रथम सुचतो. ताप मोजायला तापमापी आहे. मग दारूचे व्यसन मोजायला काय आहे?

तुम्ही म्हणाल, वाहतूक पोलिसांजवळ श्वास तपासण्याचे यंत्र असते की! खरे आहे. दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे आणि ते प्रमाण या यंत्राने समजते. परंतु हे यंत्र फक्त या घटकेला शरीरात किती अल्कोहोल आहे तेवढेच सांगते. मित्राच्या वरातीत आयुष्यात पहिल्यांदा प्यायलेल्या तरुणाचा आकडा मोठा येईल. उलट वीस वर्षे दारूत बुडालेल्या माणसाला एक दिवस दारू मिळाली नाही, तर त्याचा आकडा शून्यही येईल. यंत्र खोटे बोलत नाही. पण आपला प्रश्न त्याच्या आवाक्यातला नाही.

मग बाटल्या मोजाव्यात काय? तेही पुरेसे नाही. सारखीच दारू पिऊन एकाचा संसार मोडतो, तर दुसऱ्याचा वरवर तरी चाललेला दिसतो. ही अडचण कशी सोडवली असेल, हे समजण्यासाठी आपल्या भागातल्याच एका घटनेकडे वळू.

एका भूकंपाची दोन मापे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. भूकंपमापकांच्या नोंदींवरून त्याचे परिमाण सुमारे ६.२ ठरले. परिमाण म्हणजे भूकंपाच्या उगमाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. एका भूकंपाला परिमाण एकच असते. पण किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींची माळवदे कोसळून माणसे गाडली गेली आणि तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवरील नांदेडची घरे उभी राहिली. हा फरक सांगण्यासाठी शास्त्रज्ञ दुसरे माप वापरतात. त्याला तीव्रता म्हणतात. या पट्टीला १ ते १२ पायऱ्या असतात आणि ती लावायला यंत्र लागत नाही. टांगलेल्या वस्तू हलल्या काय, गिलाव्याला तडे गेले काय, भिंती पडल्या काय, अशा ठरलेल्या खुणा गावोगाव जाऊन तपासतात आणि त्यांवरून त्या गावाची पायरी ठरवतात.

दारूच्या अवलंबनाचे निदानही याच रीतीने होते. माणूस किती प्यायला हे विचारतातच, पण निदान ठरते ते दारूने त्याचे काय केले या खुणांवरून.

क्रमांकाची फोड

रोगांना जगभर एकच नाव आणि क्रमांक असावा, या प्रयत्नाचा इतिहास मोठा आहे. १८९३ साली फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ साली या यादीच्या सहाव्या आवृत्तीची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेने उचलली. हेच 'आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण'. त्याच्या इंग्रजी नावाचे लघुरूप आय.सी.डी. दहाव्या आवृत्तीला १९९० साली मान्यता मिळाली.

दहाव्या आवृत्तीत 'एफ' हे अक्षर मानसिक व वर्तनविषयक विकारांचे आहे. एफ १० ते एफ १९ हे गट नशेच्या पदार्थांचे आहेत. एफ १० अल्कोहोल, एफ ११ अफू व तिच्या जातीचे पदार्थ, एफ १२ गांजा-भांग, एफ १७ तंबाखू. किनवटकडची मोहाची असो, सीमेवरची शिंदी असो, देशी असो की महागडी विदेशी असो, अंमल चढवणारा रेणू एकच, इथिल अल्कोहोल; म्हणून सर्वांचा गटही एकच, एफ १०.

बिंदूनंतरचा आकडा अवस्था सांगतो. ० म्हणजे चढलेली नशा, १ म्हणजे अपायकारक सेवन, २ म्हणजे अवलंबन, ३ म्हणजे दारू तुटल्यावर होणारा त्रास, ४ म्हणजे त्या त्रासात शुद्ध हरपून भ्रम होणे. येथे एक घोटाळा टाळावा. हे आकडे गुण नव्हेत. लातूरचा पिनकोड ४१३५१२ आणि नांदेडचा ४३१६०१ आहे, म्हणून नांदेड लातूरपेक्षा मोठे ठरत नाही; तसेच हे आहे.

सहा खुणा

एफ १०.२ लिहिण्यापूर्वी डॉक्टर सहा खुणा शोधतात. पहिली, दारूची तीव्र तलफ. दुसरी, ताबा सुटणे. 'आज एवढीच' म्हणून बसलेला माणूस रात्र संपेपर्यंत उठत नाही. तिसरी, दारू तुटल्यावर त्रास. सकाळी हात थरथरून कपातला चहा हिंदकळतो आणि घोटभर घेतल्यावर हात स्थिर होतो. चौथी, पूर्वी जेवढ्या दारूने नशा यायची तेवढीने न येणे. पाचवी, शेती, नोकरी, भजन, मित्र असे बाकीचे सारे मागे पडून वेळ दारूतच जाणे. सहावी, यकृत बिघडले, डॉक्टरांनी बजावले, तरी पिणे चालूच राहणे. गेल्या वर्षभरात यांपैकी तीन किंवा अधिक खुणा एकत्र आढळल्या, तर अवलंबन आहे असे म्हणतात.

चौथ्या खुणेकडे नीट लक्ष द्या. 'आमच्या अण्णांना कितीही पाजा, चढत नाही,' असे लोक कौतुकाने सांगतात. वैद्यकशास्त्राच्या यादीत ती ताकदीची नव्हे, आजाराची खूण आहे.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची स्वतःची पुस्तिका आहे. २०१३ सालच्या तिच्या पाचव्या आवृत्तीत अकरा खुणा दिल्या आहेत. वर्षभरात दोन-तीन आढळल्या तर विकार सौम्य, चार-पाच तर मध्यम आणि सहा किंवा अधिक तर तीव्र. म्हणजे एकच माणूस दोन पट्ट्यांवर वेगवेगळ्या जागी येऊ शकतो. यात नवल नाही. लांबी 'पाच' असे कोणी सांगितले, तर आपण 'पाच काय? फूट की मीटर?' असे विचारतो. निदानाच्या क्रमांकापुढेही तो कोणत्या वर्गीकरणाचा आणि कोणत्या आवृत्तीचा, हे समजले पाहिजे.

नव्या आवृत्तीत काय बदलले?

आय.सी.डी.ची अकरावी आवृत्ती २०१९ साली स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. निरनिराळे देश तिच्याकडे हळूहळू वळत आहेत. तिच्यात अल्कोहोलचा गट '६सी४०' असा लिहितात आणि सहा खुणांच्या तीन जोड्या केल्या आहेत : ताबा सुटणे, दारूला सर्वांहून वरचे स्थान मिळणे आणि शरीराला सवय जडल्याची चिन्हे. तीनपैकी दोन आढळल्या तर अवलंबन.

याहून महत्त्वाचा बदल अपायकारक सेवनाच्या व्याख्येत झाला. दहाव्या आवृत्तीत पिणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराला किंवा मनाला झालेला अपायच धरला जाई. अकराव्या आवृत्तीत पिणाऱ्याच्या वागण्यामुळे दुसऱ्याच्या आरोग्याला झालेली हानीही धरली जाते. मार खाणारी आई आणि रात्री दाराआड थरथरणारी मुले जुन्या व्याख्येच्या बाहेर होती. आता त्यांनाही त्यात जागा मिळाली आहे.

तिसऱ्या रात्रीचे भूत

आता बिंदूनंतरच्या ४ या आकड्याकडे येऊ. हा आकडा ओळखता आला नाही तर जीव जाऊ शकतो.

समजा, वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या एका माणसाने आषाढीला माळ घातली आणि त्याच दिवशी दारू तोडली. घरचे आनंदले. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम सुटला, झोप उडाली. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, नसलेल्या माणसांशी तो बोलू लागला, घरच्यांना ओळखेना. 'बाहेरची बाधा झाली' म्हणून घरच्यांनी त्याला खोलीत कोंडले आणि ते अंगारा आणायला गेले.

ही बाधा नव्हे. मेंदूत उत्तेजन देणारी आणि लगाम घालणारी अशा दोन प्रकारच्या रसायनांचा तोल असतो. अल्कोहोल लगामाचे बळ वाढवते. रोजच असे होऊ लागले की मेंदू जुळवून घेतो; स्वतःचा लगाम सैल करतो आणि उत्तेजनाची बाजू वाढवतो. तराजूच्या एका पारड्यात वर्षानुवर्षे वजन ठेवलेले असावे आणि दुसऱ्या पारड्यात तेवढीच भर घालून काटा मध्यावर आणलेला असावा, तसे हे आहे. पहिल्या पारड्यातले वजन एकदम उचलले, तर दुसरे पारडे धाडकन खाली आदळणारच. दारू तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट्स येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रमाची अवस्था येऊ शकते. जुनी माणसे 'वात झाला' म्हणत, ती हीच अवस्था. तिचा क्रमांक एफ १०.४. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. वेळेवर रुग्णालयात नेले तर योग्य औषधे आणि 'ब१' जीवनसत्त्व देऊन त्याला वाचवता येते.

दारू सोडण्याचा निश्चय चांगलाच आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. हे वाक्य घरी जरूर सांगा.

क्रमांकाचा उपयोग

पहिला उपयोग मोजणीचा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयाचे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांतील सुमारे ५.७ कोटींचे पिणे अपायकारक किंवा अवलंबनाचे आहे, असे त्यात आढळले. खुणांची एकच व्याख्या नसती, तर ही मोजणी करता आली नसती.

दुसरा उपयोग उपचाराचा. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे. तिचे कमाल गुण ४०. गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील १२ ते १९ गुणांचे पुरुष निवडले. त्यांतील निम्म्यांना, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी फार तर चार बैठकींत मार्गदर्शन केले. तीन महिन्यांनी या गटातील ३६ टक्के लोकांचे गुण आठच्या खाली आले. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पायरी लवकर ओळखली तर साध्या बोलण्यानेही गुण येतो, हे यावरून दिसते. पायरी पुढची असेल, तर १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांची मदत होते.

तिसरा उपयोग हक्काचा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यात दारूशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. निदान आय.सी.डी.सारख्या मान्य वैद्यकीय कसोट्यांवरच करावे, समाजाच्या नैतिक कल्पनांवरून करू नये, असे हा कायदा सांगतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही तो देतो. गाव एखाद्याला 'बेवडा' म्हणते. त्या शब्दात त्याची अवस्था कोणती, पुढे काय करावे, यांतले काहीच नसते. एफ १०.२ मध्ये ते असते.

आणि हा क्रमांक जन्मभराचा शिक्का नव्हे. अकराव्या आवृत्तीत, अवलंबन असलेल्या माणसाने बारा महिने किंवा अधिक काळ दारूला स्पर्श केला नाही, तर 'टिकून राहिलेला पूर्ण उपशम' अशी स्वतंत्र नोंद करतात. बरे होण्यालाही वर्गीकरणात क्रमांक आहे.

मित्रांनो, हा लेख वाचून घरातल्या कोणाचे निदान करू लागू नका. खुणा मोजणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. पण तुमच्या घरी हा त्रास असेल, तर तो तुमच्यामुळे नाही हे पक्के ध्यानात ठेवा. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारची विनामूल्य सेवा अहोरात्र उपलब्ध आहे. मुलांना अडचणीत १०९८ वर मदत मागता येते. शिक्षकांनी हे दोन क्रमांक वर्गातील फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत. ज्या मुलाला गरज असेल, ते कोणालाही न सांगता टिपून घेईल.