वृद्धांच्या बृहदंत्रातील पॉलिप : वैद्य व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्यासारख्या गावी साठी ओलांडलेल्या माणसास शौचावाटे रक्त जाऊ लागले, की मूळव्याध गृहीत धरून चूर्ण मागणे स्वाभाविक असते. हे रक्त रक्तार्शाचेच आहे, असे आपण मात्र गृहीत धरू नये.

सुश्रुताचार्यांनी गुदाचे प्रमाण साडेचार अंगुळे सांगून प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी या तीन वलींचे वर्णन केले आहे. आपली गुदपरीक्षा जवळपास येथवरच पोहोचते. पॉलिप हा बृहदंत्राच्या आतील आवरणावरील मांसांकुर. तो याहून पुष्कळ वर असू शकतो व बहुधा लक्षणहीन असतो. ॲडिनोमा प्रकारातील थोड्या पॉलिपांचे साधारणतः १० वर्षांच्या अवधीत कर्करोगात रूपांतर होते. कोलोनोस्कोपीत तो दिसतो व बहुधा त्याच वेळी काढता येतो. औषधाने पॉलिप नाहीसा होईल, असे आश्वासन आपण देऊ नये.

पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ आढळतो, म्हणून प्रत्येक पांडुतेचे खापर त्यावर फोडले जाते. परंतु वृद्धात नव्याने आढळलेली लोहन्यूनता ही आतड्यातील सूक्ष्म रक्तस्रावाची खूण असू शकते. लोहकल्पांनी मल काळा होऊन ती झाकली जाते. कोलोनोस्कोपीपूर्वी साधारणतः ५ ते ७ दिवस ते थांबवावेत; रक्त पातळ ठेवणारी औषधे मात्र संबंधित डॉक्टरांच्या सल्ल्याविना थांबवू नयेत.

अमेरिकेतील तज्ज्ञगटाच्या २०२० च्या शिफारशीनुसार १० मि.मी.पेक्षा लहान असे एक-दोन साधे ॲडिनोमा काढल्यावर पुढील तपासणी ७ ते १० वर्षांनी, तर १० मि.मी. वा मोठ्यासाठी ३ वर्षांनी करावी. पंचाहत्तरीनंतर हे वेळापत्रक यांत्रिकपणे पाळू नये. बल, हृद्रोग व वृक्कांची स्थिती पाहावी. कोष्ठशुद्धीच्या औषधाने वृद्धास जलक्षय व भोवळ येण्याची भीती असते. मात्र रक्तस्राव, वजन घटणे वा मलप्रवृत्तीतील नवा बदल असल्यास वय आड आणू नये.

पॉलिप काढल्यावर सुमारे दोन आठवडे रक्तस्राव संभवतो. या काळात तीक्ष्ण विरेचन व बस्ती वर्ज्य करावे. पेज, मऊ भात असा लघु आहार योजावा व कुंथणे टाळावे. रक्त गेल्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरही रेल्वेमार्गावर आहे. औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती इतकीच, की तेच मूळव्याधीचे औषध पुन्हा मागणाऱ्या वृद्धास दोन प्रश्न विचारावेत : रक्त किती दिवस जात आहे, आणि आतून तपासणी झाली आहे काय? उत्तर नकारार्थी असल्यास पुडीबरोबर तपासणीचा सल्लाही द्यावा.