बदलीवाले

परळच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळीचा भोंगा होण्याआधी गेटवर माणसांचा एक घोळका उभा असायचा. ते बदलीवाले. कायम कामगार आजारी पडला, दांडी मारली, गणपतीला गावी गेला, तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतं उभं राहायचं. माझे आजोबा सुरुवातीची काही वर्षं बदलीच होते. हजेरी दुसऱ्याची आणि घाम आपला, असं ते हसत सांगायचे.

त्याच परळमध्ये, आचार्य दोंदे मार्गावर, हाफकिन संस्था आहे. केईएमला किंवा टाटाला निघालेले लोक तिच्या फाटकावरून रोज जातात, आत काय घडून गेलं याचा पत्ता नसताना. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तिथल्या प्रयोगांबद्दल वाचताना मला आजोबांचा तो घोळका आठवत राहतो. त्या प्रयोगांत सगळी कामं बदलीवाल्यांनीच केली. कधी गिनीपिग, कधी माकड, तर सुरुवातीला खुद्द साहेब.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओळखला आणि मुंबई हादरली. कॉलऱ्याची लस घेऊन कलकत्त्यात काम करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांना इथे बोलावलं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. त्यावर तीन महिन्यांत लस उभी राहिली.

ती कशी, हे बघण्यासारखं आहे. मांसाचा गाळलेला रस बाटलीत भरायचा आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. थेंब तरंगतात, प्लेगचे जंतू त्यांना धरून वाढतात आणि खाली लोंबू लागतात, जसे गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके. बाटलीला जरासा धक्का लागला की सुळके मोडतात आणि भुरभुरत तळाशी बसतात. तुपाखाली पुन्हा नवे सुळके धरू लागतात. असं काही आठवडे चालू द्यायचं, मग उष्णता देऊन जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक घालायचं. या लोंबत्या सुळक्यांवरूनच हाफकिन ओळखत की बाटलीत प्लेगचेच जंतू आहेत, दुसरं काही शिरलेलं नाही. वरणभातावर घ्यायचं ते तूप इथे जंतूंच्या शेतीचं छप्पर झालं होतं.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी या लसीचे १० घन सेंटिमीटर स्वतःला टोचून घेतले. ताप चढला, अंग दुखलं, आणि मग दोन्ही ओसरलं. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या तयार कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्ही गटांवर नजर ठेवली. लस घेतलेले स्पष्टपणे अधिक वाचले. (तुरुंगात ‘तयार’ या शब्दाला किती वजन द्यायचं, हा प्रश्न मला सुटलेला नाही.)

१० ऑगस्ट १८९९ ला प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. हा बंगला गव्हर्नरांनी सोडलेला. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच कॉलऱ्याने गेल्या आणि त्यानंतर साहेबलोकांना मलबार पॉइंटची हवा मानवू लागली. रोगाने रिकामं केलेलं घर रोगाच्या अभ्यासाला मिळालं.

लस होती, पण मोठा प्रश्न तसाच होता. उंदरातून प्लेग माणसात येतो कसा? हवेतून? जमिनीतून? धान्यातून? शिवण्याने? चाळीतल्या बायांना एवढं पक्कं ठाऊक होतं की उंदीर पडला की खोली सोडायची. पण पडलेल्या उंदरातून नेमकं काय निघतं? १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी बाटलीत उंदीर आणि पिसवा ठेवून ‘पिसू’ असं उत्तर दिलं होतं. ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं परळच्या डॉ. ग्लेन लिस्टन यांनी. उंदराची पिसू सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. साध्या दिवसांत माणसांच्या अंगावरून पिसवा वेचल्या तर त्यांच्यात ती जवळजवळ सापडतच नसे. पण उंदीर मेलेल्या एका इमारतीत लोकांच्या अंगावरून पिसवा वेचल्या तर जवळपास निम्म्या उंदराच्या निघाल्या. यजमान मेला, अंग थंड पडलं, मग उपाशी पिसू मिळेल त्या गरम अंगावर उडी मारते. लिस्टन मग चाळीच्या खोल्यांत गिनीपिग सोडू लागले. गरीब, केसाळ, कुठे पळून न जाणारं जनावर. रात्र-दोन रात्री खोलीत फिरून ते पिसवांचा सापळा होऊन परत यायचं. माणसाच्या जागी गिनीपिग बदलीवर.

१९०५ मध्ये प्लेग आयोग परळला आला आणि लिस्टनही त्यात होते. पुढे जे झालं ते मला कुठल्याही रहस्यकथेपेक्षा सरस वाटतं, कारण इथे संशयितांना एकेक करून घरी पाठवलं आहे.

प्रयोगशाळेच्या आवारात मुद्दाम छोटी घरं बांधली. आत प्लेग झालेले गिनीपिग आणि निरोगी गिनीपिग एकत्र कोंडले. तेच मलमूत्र, तेच खाणं, एकमेकांच्या अंगाला अंग. पिसवा नसल्या तर साथ पसरेना. आजारी आईचं दूध पिणारी पिल्लंसुद्धा ठणठणीत राहिली. पिसवा सोडल्या की मात्र जनावरं पटापट मरायची.

मग पिंजऱ्यांची उंची बदलली. जमिनीवर फिरणाऱ्या गिनीपिगांना प्लेग व्हायचा. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्यांनाही व्हायचा. दोन फुटांवर टांगलेले वाचायचे. हवा तर दोन फुटांवरही तीच होती! हवेतून येणारा रोग दोन इंच आणि दोन फूट यांत भेद कशाला करील? उडी मारून येणारा मात्र करतो, आणि पिसूची उडी चारेक इंचांची.

तीच उडी ध्यानात धरून प्लेगच्या घरात दोन पिंजऱ्यांत माकडं ठेवली. एका पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंद चिकट कागदाचा पट्टा, दुसऱ्याभोवती तेवढ्याच रुंदीची नुसती वाळू. सहा इंच अशासाठी की पिसूला ते एका उडीत ओलांडता येऊ नये. सकाळी कागदावर चिकटलेल्या पिसवा मोजायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली फाडून बघायच्या. माणसाच्या ८५ पिसवांपैकी एकीच्या पोटात प्लेगचे जंतू निघाले. उंदराच्या ७७ पैकी २३ जणींच्या.

दोन फूट म्हणजे आमच्या खोलीतल्या लोखंडी खाटेची उंची. दहा बाय बाराच्या खोलीत अशी खाट एकच असायची, तिच्यावर आजोबा. बाकी आम्ही सगळे जमिनीवर, ओळीने. हा प्रयोग वाचल्यावर त्या खाटेकडे बघायची माझी नजरच बदलली.

बदलीचं हे काम फक्त जंतुशास्त्रात नाही. लालबागला गॅस कंपनी लेन आहे. नाव उरलं, कंपनीचं काम केव्हाच संपलं. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ पासून गॅसचे दिवे लागले, तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला. त्यात असतो कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. जागा आधीच अडली की प्राणवायू दारातूनच परत जातो. गर्दीच्या वेळी चिंचपोकळीला लोकलमध्ये चढू पाहणाऱ्यासारखा.

इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून पाहिला आणि अधूनमधून बोटातलं रक्त तपासलं. निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन वायूने अडवलं, पाय लटपटायला लागले, तेव्हा थांबले. हवा मोजायची त्यांची पद्धतही आयोगाच्या पिंजऱ्यांसारखीच होती. ठरावीक माप हवा घ्यायची आणि पोटॅशच्या द्रावातून न्यायची. कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, माप घटतं. मग दुसऱ्या द्रावातून न्यायची, प्राणवायू जातो, माप आणखी घटतं. जे दिसत नाही ते, किती नाहीसं झालं यावरून मोजायचं. खाणीत मात्र इतका वेळ कोणाला? म्हणून त्यांनी छोटी, गरम रक्ताची जनावरं सुचवली. उंदीर, पुढे कॅनरी. छोट्या अंगाचा श्वास भराभर चालतो, विष लवकर भिनतं. पक्षी दांडीवरून पडला की खाणकामगाराला पळायला काही मिनिटं मिळतात. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी १९८६ पर्यंत कामावर होत्या.

अशीच बदली धडकेतही लागते. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही की दुखवतो तो वेग नव्हे, थांबणं. ताशी ५० किलोमीटरने जाणारं शरीर अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबलं तर त्यावर गुरुत्वाच्या सुमारे २० पट जोर येतो. पाच सेंटिमीटरमध्ये थांबलं तर २०० पट. सीटचा पट्टा, चुरगळणारं बॉनेट, हवेची पिशवी, हे सगळे मिळून शरीराला थांबायला थोडी जास्त जागा विकत घेऊन देतात, एवढंच. पण माणूस किती सोसतो, हे कोणाला विचारायचं?

अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःला विचारलं. १० डिसेंबर १९५४ ला न्यू मेक्सिकोत रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर पट्ट्यांनी बांधून घेऊन ते ताशी हजार किलोमीटरवर गेले आणि १.४ सेकंदांत थांबले. ४६ पटींहून जास्त जोर. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेना, मग दिसू लागलं. आधीच्या फेऱ्यांत मनगटं मोडली होतीच. आज हे काम प्लास्टिक-पोलादाचा पुतळा करतो. ज्यावर वर्षानुवर्षं गाड्या तपासल्या गेल्या तो पुतळा ७८ किलोंचा पुरुष आहे. पाचफुटी, पन्नास किलोंच्या बाईची हजेरीसुद्धा त्याच्याच नावावर लागली, आणि हे मला आजही खटकतं.

परळच्या आयोगाकडे एक गाठ सुटायची राहिली होती. पिसूच्या पोटात जंतू आहेत, पण ते बाहेर येतात कसे? पिसू तर रक्त आत ओढते. उत्तर १९१४ मध्ये लंडनला मिळालं. प्लेगचे जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी इतके माजतात की बोळा बसतो. मग ती चावते, रक्त ओढते, रक्त बोळ्यावर आदळतं आणि जंतू घेऊन जखमेत परत येतं. पोटात काहीच जात नाही. भूक भागत नाही म्हणून ती पुन्हा चावते, दुसऱ्याला चावते, आणि शेवटी उपासमारीने मरते.

हे शोधलं आर्थर बेकॉट आणि चार्ल्स मार्टिन यांनी. मार्टिन यांचं परळच्या आयोगाशी जवळचं नातं होतं. बेकॉट पुढे उवांच्या मागे लागले. प्रयोगाच्या उवांना रोज रक्त लागतं, ते स्वतःचं द्यायचे. १९२२ मध्ये कैरोत काम करताना उवांतून पसरणारा टायफस त्यांना झाला, आणि ते तिथेच वारले.