नातवंडे घरी येतात तेव्हा

डिसेंबर उजाडला की आपल्या इंदूरमधील अनेक मराठी घरांत विमानतळावर कोणी जायचे, याची चर्चा सुरू होते. परदेशी स्थायिक झालेली मुले आपल्या चिमुकल्यांसह दोन-तीन आठवड्यांसाठी येतात. वर्षभर बंद असलेली वरची खोली उघडते, गाद्यांना ऊन दाखवले जाते, गराडू तळले जातात. या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी कित्येक आजाराच्या नसतातच. त्या गैरसमजाच्या असतात आणि त्यापायी या मोजक्या दिवसांतले पहिले आठ दिवस रुसव्यात जातात.

सर्वांत जिव्हारी लागणारी तक्रार आजीची असते. "रोज फोनवर मला बघून हसतो आणि इथे कडेवर घेतले की किंचाळतो!" बाळ साधारण आठ महिन्यांचे झाले की परके माणूस कोणते, हे त्याला स्पष्ट कळू लागते. पडद्यावरच्या आजीला वास नसतो, स्पर्श नसतो, आकारही तळहाताएवढा. प्रत्यक्षातली आजी ही त्याच्या दृष्टीने नवीनच व्यक्ती. ही भीती बहुधा दीड-दोन वर्षांपर्यंत ओसरते. हे रडणे म्हणजे आजीचा अव्हेर नव्हे, बाळाच्या आकलनाची वाढ आहे. म्हणून आल्याआल्या आईच्या कडेवरून त्याला ओढून घेऊ नये. आईशेजारी जमिनीवर बसावे, आईशीच बोलावे, एखादी वाटी आणि चमचा मध्ये ठेवून द्यावा. आई या व्यक्तीशी हसून बोलते आहे, हे बाळ टिपत असते. मग आपण होऊन सरकत येते. कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आजोबांकडे ते कित्येकदा आधी जाते, याचे गुपितही हेच. (घरोघरी यावरून होणारा वाद मी सोडवू शकत नाही.)

दुसरी तक्रार झोपेची. हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि इंदूर यांच्या घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर असते, म्हणजे दिवसाची जवळजवळ रात्रच होते. शरीरातील घड्याळ दिवसाला सुमारे तासाभरानेच सरकते, त्यामुळे आठ-दहा दिवस मूल रात्री दोनला टक्क जागे असते. अशा वेळी हाती मोबाइल देऊ नये. प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेला साह्य करणारे संप्रेरक दबते आणि घड्याळ जुळण्यास आणखी विलंब होतो. मंद दिवा आणि गोष्ट हे उत्तम. वार्धक्यामुळे झोप उडालेले आजोबा त्या वेळी बहुधा जागेच असतात! दिवसा मात्र मुलांना उन्हात खेळू द्यावे आणि दुपारची झोप लांबू देऊ नये.

खाण्याबाबत आईवडील अकारण धास्तावतात. गरम वरणभात, वाफेवरचे पोहे, समोर तळलेली जिलबी यांचे भय नको; कापून ठेवलेली फळे, बर्फ आणि न उकळलेले पाणी टाळावे. चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. टायफॉइड व हिपॅटायटिस-ए यांच्या लशी निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घेतलेल्या असाव्यात.

खरा धोका उशाशी असतो. आजोबांच्या मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एकच गोळी लहान मुलाची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, आणि तीही काही तासांनंतर. मूल खेळते आहे म्हणून वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीच औषधांचा डबा कुलपात जावा.

राहिली भाषा. दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे लांबते, हा समज निराधार आहे. अमेरिकेतील संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषकांनी समोर बसून बारा वेळा खेळत संवाद साधला. ती बाळे चिनी ध्वनींतील भेद ओळखू लागली. तेच साहित्य चित्रफितीवर पाहिलेली बाळे काहीच शिकली नाहीत. ऐकणाऱ्या मुलाला समज आधी येते, शब्द नंतर. म्हणून नातू इंग्रजीत उत्तर देत असला तरी आजीने मराठीतच बोलत राहावे. दुसऱ्या आठवड्यात एखादा मराठी शब्द बाहेर पडतो. माझ्या पाहण्यात तो बहुधा "नको" असतो.